मेंटलला हात लावू नये

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. हिंजवडीहून परत येताना कंपनीच्या बसमध्ये अर्धवट झोपेत होतो, तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "दादा, तुमचा कापूस कुठला होता?"

मला वाटलं, राँग नंबर. कापूस माझ्या वडिलांचा असतो, माझा नसतो. पण पाठोपाठ एक फोटो आला. निळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, कोपरा कुरतडलेला. आमचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. लायब्ररीतून कुणीतरी तो बाहेर काढला होता म्हणजे. शीर्षक अर्थातच इंग्रजीत आणि लांबलचक. मराठीत सांगायचं तर, कापसाचा साचा वापरून सच्छिद्र सेरियम ऑक्साइड बनवणे, डिझेलच्या काजळीसाठी शाश्वत उत्प्रेरक. खाली माझं आणि माझ्या पार्टनरचं नाव.

आमच्याच कॉलेजचा केमिकलचा मुलगा. त्यांच्या ग्रुपने आमचं काम पुढे न्यायचं ठरवलं होतं. दीड महिना झाला, रिझल्ट येत नाही. "सगळं तुम्ही लिहिलंय तसंच केलंय दादा. फक्त कापूस कुठला ते लिहिलेलं नाही."

बस वाकडच्या सिग्नलला उभी होती. माझी झोप उडाली. कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते रिपोर्टमध्ये का नाही, हेही माहीत होतं.

आधी थोडं मागे जावं लागेल. माझ्या आजोबांचा गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा धंदा होता. जळगाव जिल्ह्यात आमचं गाव. लग्नाची वरात, तमाशा, रात्रीचं कीर्तन, काहीही असलं की आजोबांच्या बत्त्या जायच्या. मी शाळेत जायला लागलो तोवर जनरेटर आले होते आणि धंदा संपला होता. पण एक बत्ती त्यांनी ठेवली होती, आणि लाईट गेली की ते ती मोठ्या थाटात पेटवायचे. टाकीत रॉकेल, पंप मारायचा, स्पिरिटने नळी तापवायची. आणि त्याआधी, बत्तीचं जे खरं काळीज, ते बांधायचं. मेंटल.

इंग्रजीत ते मँटल. आमच्याकडे सगळे मेंटलच म्हणायचे आणि त्यात कुणाला हसू यायचं नाही. नवं मेंटल म्हणजे विणलेल्या सुताची एक छोटी पांढरी पिशवी. बर्नरच्या तोंडावर दोऱ्याने बांधायची. आजोबा उरलेला दोरा दाताने तोडायचे. मग काडी लावायची. सूत जळायचं, पिशवी काळी पडायची, आकसायची, आणि मग पांढरीशुभ्र व्हायची. सूत गेलं, पण पिशवी तिथेच. टाका न टाका तसाच. मी बोट पुढे केलं की आजोबा ओरडायचे, "हात नको लावजो रे!" एकदा लावलाच मी. पिशवी नव्हतीच ती. राख होती, पिशवीच्या आकारात उभी राहिलेली. बोट लागलं आणि खाली पडली. त्या रात्री आम्ही कंदिलात जेवलो.

ही करामत कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाची. १८८५मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं, पण त्या मेंटलचा उजेड हिरवट आणि मेंटल ठिसूळ. १८९१मध्ये त्याला नेमकं प्रमाण सापडलं. ९९ भाग थोरियमचं ऑक्साइड, एक भाग सेरियमचं. नुसतं थोरियम घेतलं तर उजेड फिका पडतो, सेरियम जास्त झालं तरी पडतो. या धातूंच्या नायट्रेटच्या पाण्यात सुती जाळी बुडवायची, वाळवायची, जाळायची. सूत निघून जातं आणि धातूचं ऑक्साइड सुताचा आकार घेऊन मागे राहतं. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. आजोबा दाताने दोरा तोडायचे ते आठवलं की आता पोटात कसंतरी होतं, पण ते ८८ वर्षं जगले, त्यामुळे यावर मी फार बोलत नाही. हे थोरियम येतं मोनाझाइट नावाच्या वाळूतून, आणि त्या वाळूचा एक मोठा साठा जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावर, मनवालकुरिचीला आहे. वेल्सबाखने मेंटलच्या धंद्यातून उरणाऱ्या सेरियमचंही सोनं केलं. लायटरमध्ये ठिणगी पाडणारा जो खडा असतो, तो त्याचाच शोध, १९०३चा.

थर्ड इयरला आम्हाला उत्प्रेरक शिकवताना मॅडमनी फळ्यावर 'टेम्प्लेट' शब्द लिहिला, तेव्हा वर्गात बहुतेक मी एकटाच असेन ज्याला तो लगेच कळला. कारण मी तो बोटाने मोडला होता.

उत्प्रेरकाला पृष्ठभाग लागतो. क्रिया होते ती पृष्ठभागावर, आतल्या भरीव भागाचा उपयोग शून्य. म्हणून त्याला भोकं हवीत. आमच्याकडे अनारशाला जाळी पडली का ते आधी बघतात, चव नंतर. उत्प्रेरकाचं तसंच. फक्त ही जाळी इतकी बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावू शकतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर पुडीत सात-आठ मैदानं. हे मोजायची जी पद्धत आहे ती १९३८ची, ब्रुनावर, एमेट आणि टेलर यांची. यातला टेलर तोच, जो पुढे हायड्रोजन बॉम्बवाला म्हणून ओळखला गेला.

आता भोकं पाडायची कशी? ड्रिलने पडत नाहीत. मग उलटा विचार करायचा. जिथे भोक हवं तिथे आधी दुसरं काहीतरी ठेवायचं, त्याभोवती पदार्थ जमवायचा, आणि मग ते दुसरं जाळून टाकायचं. ते दुसरं म्हणजे टेम्प्लेट, साचा. १९९२मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी साबणासारख्या रेणूंचे पुंजके साचा म्हणून वापरले आणि एमसीएम-४१ नावाचं, मधमाशीच्या पोळ्यासारखी एकसारखी छिद्रं असलेलं सिलिका बनवलं. फार सुंदर काम. पण साचा जातो भट्टीत. आधी कारखान्यात महागडं रसायन बनवायचं, जे पाण्यात गेलं तर माशांना बरं नाही, आणि मग तेच साडेपाचशे अंशांवर जाळून टाकायचं, कारण ते तिथे नसणं हाच त्याचा उपयोग.

इथे वनस्पती येतात. निसर्गाने फुकट बनवून ठेवलेली जाळी असताना आपण ती का बनवा? लोकांनी काय काय जाळून पाहिलंय त्याची यादी मोठी मजेशीर आहे. स्टार्चची खळ, लाकूड, परागकण. २००६मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी चक्क वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीवर झिओलाइट वाढवलं. तेच घोसाळं, ज्याच्या शिऱ्यांनी आपण पाठ घासतो. २०१०मध्ये कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक साचा म्हणून वापरून सिलिकाच्या अशा पातळ चकत्या बनवल्या की त्यात कुठलाही रंग न घालता त्या मोरपिसासारख्या चमकतात. सेल्युलोज गेलं, त्याचा पीळ मागे राहिला.

आणि मी जळगाव जिल्ह्यातला. मला साचा शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

प्रोजेक्टचा विचार खरोखर चांगला होता, हे मी आजही म्हणेन. डिझेलच्या धुरातली काजळी फिल्टरमध्ये अडकते. तो फिल्टर तुंबू नये म्हणून काजळी जाळावी लागते. पण काजळी हवेत आपली आपण जळायला साधारण साडेपाचशे-सहाशे अंश लागतात, आणि डिझेल इंजिनाचा धूर बहुतेक वेळ दोनशे ते चारशे अंशांच्या मध्ये असतो. ही दरी उत्प्रेरकाने भरायची. सेरियम ऑक्साइड यात चांगलं, कारण ते स्वतःतला ऑक्सिजन सहज देतं आणि हवेतून परत घेतं, उसनवारीच्या धंद्यातल्या चोख माणसासारखं. अडचण अशी की काजळी घन असते. तिचे कण एमसीएम-४१च्या दोन-चार नॅनोमीटरच्या भोकात शिरूच शकत नाहीत. कबड्डीची मैदानं आत, आणि खेळाडू बाहेर उभे. काजळीला मोठी, उघडी, जाळीदार रचना हवी. कापसाच्या तंतूची जाडी दहा-वीस मायक्रोमीटर, आत पोकळ, चपट्या फितीसारखा पीळ. त्याची ऑक्साइडमध्ये नक्कल उतरली तर काजळी त्या तंतूंच्या जाळीत जाऊन बसेल. झालं, प्रोजेक्ट.

कृती मेंटलचीच. सेरियम नायट्रेटच्या पाण्यात कापूस बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, भट्टीत जाळायचा. पहिल्या वेळी आम्ही भट्टी जोरात तापवली. नायट्रेट आणि कापूस एकत्र म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. आत भस्सकन पेटलं, दारातून तपकिरी धूर आला, आणि लॅबच्या मामांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. (हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. 'शाश्वत' हा शब्द आमच्या शीर्षकात होता आणि धूर खिडकीतून पार्किंगकडे जात होता.) मग आम्ही मिनिटाला एक अंश अशा गतीने तापवायला शिकलो. सकाळी लावलेली भट्टी रात्री उघडायची. आत फिकट पिवळा, पिसासारखा हलका कापूस. कापूस नसलेला कापूस. मी सगळ्यांना सांगत होतो, हात लावू नका.

ही पहिली चांगली बॅच मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल कापसाची होती. स्वच्छ, पांढरा, पाणी झटकन पिणारा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो काढून आणले तेव्हा आम्ही दोघं कँटीनमध्ये अक्षरशः नाचलो. तंतूचा पीळसुद्धा उतरला होता.

आणि मग चाचणी. ऑक्साइडमध्ये थोडी काजळी मिसळायची, हवेच्या झोतात हळूहळू तापवायची, वजन किती अंशांवर घटतं ते बघायचं. आमचा आकडा आला तो बाजारातल्या साध्या सेरियम ऑक्साइडच्या आकड्याच्या शेजारीच. फोटोत एवढी देखणी जाळी, आणि फायदा काहीच नाही. रिव्ह्यूला बारा दिवस होते.

मी त्या शनिवार-रविवारी घरी गेलो होतो. येताना पिशवीत रुई आणली. आमच्याच शेतातली, जिनिंगमधून सरकी काढलेली, बाकी काहीही न केलेली. तेव्हा डोक्यात फक्त एवढंच होतं की सर्जिकल कापूस संपलाय आणि पैसे वाचतील. कच्च्या रुईवर नैसर्गिक मेण असतं. ती पाण्यात भिजेना, वर तरंगत राहिली. थोडं अल्कोहोल घालून काचेच्या कांडीने दाबून दाबून भिजवली. जाळली. चाचणी केली. काजळी सर्जिकलवाल्या बॅचपेक्षा खूपच कमी तापमानाला जळाली. आलेख बघून मॅडम खुर्चीतून उठल्या.

रिपोर्टमध्ये फोटो पहिल्या बॅचचे गेले, कारण दुसऱ्या बॅचचे काढायला वेळ आणि पैसे नव्हते. आलेख दुसऱ्या बॅचचा गेला. पहिल्या बॅचचा आलेख गेलाच नाही. पार्टनरने विचारलं होतं, "दोन्ही कापूस वेगवेगळे लिहूया का?" मी टाइप करता करता म्हणालो, "कापूस म्हणजे कापूस."

हे वाक्य मला बसमध्ये शब्दन् शब्द आठवलं. सॉफ्टवेअरमध्ये आता सहा वर्षं झाली. आमच्याकडे कुणी म्हणालं की "माझ्या मशीनवर तर चालतंय", की मी सगळ्यात आधी विचारतो, मग तुझ्या मशीनवर वेगळं काय आहे ते सांग. ज्युनिअर पोरांना यावरून मी भरपूर पिडलंय.

त्या रात्री मी त्या मुलाला उत्तर दिलं नाही. जुनी हार्डडिस्क काढली. पहिल्या बॅचची फाइल होती. मी पुसलीही नव्हती, फक्त 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती. आणि फाइल बघता बघता दुसरी गोष्ट लक्षात आली, जी तेव्हा लक्षात यायला हवी होती. चाचणीआधी काजळी मिसळायची पद्धत. दोन प्रकार असतात. एक, चमच्याने हलकेच कालवणं, प्रत्यक्ष फिल्टरमध्ये काजळी जशी येऊन बसते त्याच्या जवळचं. दोन, खलात घालून दहा मिनिटं घोटणं, म्हणजे आकडे एकसारखे येतात. आम्ही घोटलं होतं. आधी मिनिटाला एक अंश, सकाळपासून रात्रीपर्यंत वाट बघून तंतूची नक्कल उतरवली, सगळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं, आणि मग ती नक्कल खलात घालून बत्त्याने पीठ केली. त्यानंतर मोजलं. आणि लिहिलं की हा फायदा तंतूच्या जाळीचा.

चाचणीच्या वेळी तिथे जाळीच नव्हती. जी काही करामत होती ती दुसऱ्या कशाची तरी होती.

पार्टनरला फोन केला. ती आता चेन्नईत बॅटरीच्या एका कंपनीत आहे. एम.टेक.च्या मुलाखतीत या प्रोजेक्टवर ती वीस मिनिटं बोलली होती, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं, म्हणून फोन करताना हात जड झाला होता. मी सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खलाचं मला एम.टेक.च्या दुसऱ्या सेमिस्टरलाच कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू तोवर आयटीत गेला होतास. म्हटलं, कशाला." मग तिने विचारलं, "तुझी रुई धुतलेली नव्हती ना?"

"नाही."

"मग ते पोटॅशियम असेल."

आणि एकदम सगळं जागेवर बसलं. कच्च्या कापसात शंभरात एखाद भाग क्षार असतात आणि त्यात पोटॅशियम सगळ्यात जास्त. सर्जिकल कापूस उकळून, धुऊन, ब्लीच करून येतो, त्यात ते उरत नाही. एखाद टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दहा ग्रॅम रुई जाळली की हातात दीडेक ग्रॅम ऑक्साइड येतं. कापूस हवेत जातो, पोटॅशियम जात नाही. दहा ग्रॅममधलं सगळं त्या दीड ग्रॅमवर येऊन बसतं. आणि पोटॅशियम हा काजळी जाळायला मदत करणाऱ्या पदार्थांमधला अगदी नावाजलेला गडी आहे. काजळीवर काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पोटॅशियम या नावाचाच उगम राखेत आहे. लाकडाची राख भांड्यात पाण्यात भिजवून जो क्षार काढायचे, तो पॉट-अ‍ॅश. आमच्या आज्या राखेने भांडी घासायच्या त्यामागे हेच.

आम्ही साचा, साचा करत राहिलो. साचा म्हणजे जो जळून नाहीसा होतो तो, असं आम्ही पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. पण झाड हा काही मेणाचा पुतळा नाही. झाड जळताना आपलं काहीतरी ठेवून जातं. शांघायच्या संशोधकांनी पानांचा साचा करून टायटॅनियम ऑक्साइड बनवलं तेव्हा पानातला नायट्रोजन त्यात उतरला होता, आणि त्यांनी तो शोधला, मोजला, लिहिला. फरक एवढाच. आमच्याही हातात कदाचित जास्त मजेदार गोष्ट आली होती. आम्ही तिच्यावर 'कापूस' असं लिहून मोकळे झालो.

अजून एक टोचणारी गोष्ट. मेंटल बनवणारे कारखानदार विणलेली जाळी रसायनात बुडवण्याआधी आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुऊन काढायचे. सुतातले क्षार मेंटलची वाट लावतात हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. मी मेंटलची गोष्ट प्रस्तावनेत मोठ्या ऐटीत लिहिली होती. धुण्याची ओळ वाचलीही होती. ती माझ्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाला फोन केला. मेसेज लिहायला बसलो तर तो फारच सफाईदार होत होता. सांगितलं की दोन कापूस होते, फोटो एकाचे आहेत आणि आलेख दुसऱ्याचा, आणि हे मी जाणूनबुजून लिहिलं नाही. पहिल्या बॅचची फाइल पाठवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आमचं दीड महिना बरोबरच येत होतं." त्याच्या आवाजात राग असायला हवा होता. होता तो सुटल्याचा आनंद, आणि त्याने मला जास्त वाईट वाटलं. दीड महिना ती चार पोरं स्वतःला बावळट समजत होती.

माझ्या खोलीत देवाच्या कोपऱ्यात आईने वातींसाठी दिलेली रुई होती, घरचीच. तीच डब्यात भरून रविवारी कॉलेजवर नेऊन दिली. मामा अजून तिथेच आहेत. त्यांनी ओळखलं आणि भट्टीकडे बोट करून फक्त मान हलवली.

पोरांनी नीट केलं. एकाच रुईचे दोन भाग. एक तसाच, एक गरम पाण्यात वारंवार धुतलेला. शिवाय तसाच जाळलेल्या भागातला अर्धा, जाळून झाल्यावर धुतलेला. तिघांचीही चाचणी दोन पद्धतींनी, घोटून आणि चमच्याने कालवून. न धुतलेल्याचा आकडा आमच्यासारखाच उत्तम आला. धुतलेल्याचा सर्जिकलच्या शेजारी. आणि जाळून मग धुतलेल्याचा, बहुतेक फायदा पाण्याबरोबर वाहून गेला. हे धुऊन जाणं वाईट आहे, कारण गाडीच्या धुरात वाफ असते आणि पोटॅशियम तिथेही टिकत नाही. म्हणजे उत्प्रेरक म्हणून आमचं पिवळं पीस काही कामाचं नव्हतं, निदान त्या रूपात नव्हतं. जाळीचा थोडा फायदा चमच्याने कालवलेल्या चाचणीत दिसतोय असं तो मुलगा म्हणतो. मी आलेख पाहिला. मला दिसला नाही. त्याला दिसतो. त्यालाही ते तपासून बघायचं आहे.

मी कॉलेजच्या लायब्ररीला एक मेल लिहिला, की आमच्या रिपोर्टला एक पान जोडायचं आहे, चालेल का. उत्तर आलेलं नाही. पार्टनरने त्या पानाचा मसुदा तपासला आणि 'अनवधानाने' हा शब्द खोडला.

मागच्या आठवड्यात त्या मुलाचा पुन्हा मेसेज आला. "दादा, अजून रुई मिळेल का? एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास नाही ठेवायचा आता. तीन-तीनदा करायचंय सगळं."

मी घरी फोन लावला. पप्पा शेतातून नुकतेच आले होते.

"पप्पा, थोडी रुई पाहिजे होती. न धुतलेली. कुरिअर कराल?"

"वातींना एवढी?"

"नाही. कॉलेजच्या पोरांना. जाळायला."

पलीकडे जरा शांतता. यंदाचा भाव काय मिळाला ते मला माहीत होतं, त्यामुळे मी घाईघाईने सांगायला लागलो, कापसात पोटॅशियम असतं, ते राखेत राहतं, वगैरे.

"पालाश म्हण की," पप्पा म्हणाले. "ते तर मीच घालतो. बोंड भरायच्या वेळेला."

मला हे सुचलंच नव्हतं. तंतू लांब वाढतो तोच मुळी आतल्या पोटॅशियमच्या जोरावर, हे मी नंतर वाचलं. पण खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे मी लहानपणापासून बघत आलोय. गोण्यांवर बसून अभ्यास केलाय.

"यंदा पालाश कमी घातलंय," पप्पा म्हणाले. "गोणी महाग झाली. चालेल का त्या पोरांना?"

मी म्हटलं, थांबा, विचारून सांगतो.